शेततळ्यातल्या माशांना अळ्यांचं खाद्य : सुरुवात कुठून करायची

काळी सैनिक माशी पाळायची म्हणून जो कोणी आमच्या शेतावर येतो, तो आधी पिंजरा बघायला मागतो. (या माशीच्या अळ्या ओला कचरा खाऊन वाढतात, आणि त्या वाळवून, दळून माशांच्या खाद्यात घालायच्या, असा हा उद्योग.) मच्छरदाणीचा पिंजरा, आत सकाळच्या उन्हात बसलेल्या काळ्या माश्या, फळीच्या फटीत घातलेली अंडी, हे सगळं बघायला छानच वाटतं. पण मी पाहुण्याला आधी शेडमागे नेतो. तिथे फेकमालाचे ड्रम असतात. हा उद्योग माश्यांपासून सुरू होत नाही, ओल्या कचऱ्यापासून सुरू होतो. रोज किती किलो, कुठून आणि कोण आणणार, याचं उत्तर हाताशी नसेल तर पिंजरा घ्यायची घाई करू नका.

(या लेखात 'माश्या' म्हणजे उडणाऱ्या आणि 'मासे' म्हणजे तळ्यातले. 'माश्यांचं' आणि 'माशांचं' वाचताना जरा जपून.)

हा खटाटोप कशासाठी

आमच्या निफाड-दिंडोरी पट्ट्यात द्राक्षाला पाणी साठवायला प्लास्टिकचं अस्तर घातलेली शेततळी जागोजागी आहेत. त्यात रोहू, कटला, मृगळ सोडून चार पैसे जोडीला मिळवणारेही बरेच. पण अस्तराच्या तळ्याला मातीचा तळ नसतो. मातीच्या तळ्यात गाळातले किडे, कुजका पाला, त्यावरचे जीव असं काहीबाही माशाला मिळत राहतं. प्लास्टिकवर ते फारसं तयारच होत नाही, त्यामुळे मासा जवळजवळ पूर्णपणे आपण टाकलेल्या खाद्यावर जगतो. मत्स्यपालनात निम्मा किंवा त्याहून जास्त खर्च खाद्यावर जातो, तो असा.

त्या खाद्यात सगळ्यात महाग असतात प्रथिनं. ती पेंडीतून येतात, आणि चांगल्या प्रतीच्या विकतच्या गोळी खाद्यात फिशमीलमधून. फिशमील म्हणजे समुद्रातले छोटे मासे उकडून, दाबून, वाळवून केलेली भुकटी. जगात ती सर्वाधिक पेरूच्या किनाऱ्यावरच्या अँकोव्हेटा माशापासून बनते. एल निनो आला की तिथली मासेमारी कोसळते. २०२३ मध्ये पेरूने वर्षातला पहिला हंगामच रद्द केला होता. आपल्या पश्चिम किनाऱ्यावर हीच भुकटी तारलीपासून होते. कोकण-गोव्यात जी तारली माणसाच्या ताटात पडते, ती दळून तळ्यातला मासा वाढवायचा, हे मला पटत नाही. म्हणूनच मी या अळ्यांच्या मागे लागलो.

युरोपीय संघाने १ जुलै २०१७ पासून सात जातींच्या किड्यांची भुकटी मत्स्यखाद्यात वापरायला परवानगी दिली. त्यात ही माशी आहे. आपल्याकडे चेन्नईची सीआयबीए (निमखाऱ्या पाण्यातल्या मत्स्यशेतीची केंद्रीय संस्था) आणि कोचीची सीएमएफआरआय (सागरी मत्स्य संशोधनाची केंद्रीय संस्था) यांनीही यावर काम केलंय.

फायदा कुणाला किती, हे आधीच सांगतो. तुम्ही रोहू-कटलाला नुसती पेंड आणि कोंडा घालत असाल, तर तुमच्या खाद्यात फिशमील मुळातच नाही. अळी आली तर पेंडीचा एक हिस्सा वाचेल, एवढंच. पंगस, तिलापिया किंवा मरळ वाढवत असाल आणि गोळी खाद्य विकत घेत असाल, तर फरक मोठा पडतो. तिलापियासाठी मात्र मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी लागते. आणि थाई मांगूरवर बंदी आहे. कुणी कितीही सांगितलं तरी त्याच्या वाटेला जाऊ नका.

आधी माशाकडून उलटा हिशेब

वहीत हा हिशेब मांडल्याशिवाय पुढे जाऊ नका.

समजा तळ्यात १,००० मासे आहेत आणि सरासरी वजन ३०० ग्रॅम, म्हणजे एकूण ३०० किलो. दिवसाला वजनाच्या ३ टक्के खाद्य धरलं तर ९ किलो. त्यात अळीची भुकटी १५ टक्के ठेवायची, म्हणजे रोज १ किलो ३५० ग्रॅम. ताज्या अळीत साधारण ६५ टक्के पाणी असतं, त्यामुळे एवढ्या भुकटीला जवळपास ४ किलो ताज्या अळ्या लागतात.

६० बाय ४० सेंटिमीटरच्या एका क्रेटमध्ये १२ दिवसांत १५ किलो ओला कचरा जिरतो आणि नीट जमलं तर २ किलोच्या आसपास अळ्या निघतात. रोज ४ किलो हव्यात, तर रोज दोन क्रेट काढणीला आले पाहिजेत. बारा दिवसांचं चक्र, म्हणजे एका वेळी २४ क्रेट चालू. आणि कचरा रोज ३० किलो.

हा ३० किलोचा आकडा बघून बरेच जण गप्प होतात. गप्प व्हावं असाच तो आहे. म्हशीला जशी रोज वैरण लागते, तसं हे आहे. लग्नाला गेलो म्हणून चार दिवस खाडा चालत नाही. पहिल्या वर्षी सहा क्रेट मांडा. एक पाव गरज भागेल, आणि हात बसेल.

कचरा : काय चालतं, काय नाही

पिंपळगाव बसवंतच्या बाजारात टोमॅटोच्या हंगामात फेकमालाला तोटा नसतो. पण टोमॅटोत चौऱ्याण्णव-पंचाण्णव टक्के पाणी असतं. पहिल्याच खेपेला मी दोन क्रेटमध्ये चाळीस किलो टोमॅटो एकदम ओतला. सकाळी शेडचं दार उघडलं तर क्रेट रिकामे आणि फरशीभर अळ्या. खालचा रस आंबून हवा कोंडली होती, आणि ओल्या भिंतीवरून चढून सगळ्या बाहेर पडल्या होत्या. ही अळी कोरड्या गुळगुळीत भिंतीवर सहसा चढत नाही, ओल्या भिंतीवर मात्र सहज चढते. तेव्हापासून क्रेटच्या वरच्या चार बोटं कडा रोज फडक्याने कोरड्या करतो.

कचरा बारीक चिरा किंवा कुटा, आणि त्यात गव्हाचा कोंडा, मक्याचा भरडा किंवा डाळमिलचा चुरा मिसळा. मूठ आवळून बघा : बोटांतून दोन-चार थेंब यावेत, धार लागू नये. नुसत्या भाजीपाल्यावर अळ्या लहान राहतात. दर दहा किलोमागे किलो-दीड किलो कोंडा किंवा चुरा घातला तर वाढीत डोळ्यांना दिसेल असा फरक पडतो. केळीच्या साली, पपई, भोपळा, कोबीचा पाला, शिळा भात, शिळ्या भाकरी, सगळं चालतं. कांदा आणि लिंबूवर्गीय साली थोड्याच घाला. मांस, कत्तलखान्याचा माल, मैला अजिबात नको. युरोपात तर शेणावर किंवा हॉटेलच्या उष्ट्यावर वाढवलेल्या अळ्या खाद्यात चालतच नाहीत. मीही देत नाही.

द्राक्षबागेतल्या मालाबद्दल वेगळं सांगायला हवं. फवारणी झालेले मणी, पाला, छाटणीचा ओला माल क्रेटमध्ये टाकू नका. ही माशी शेवटी एक कीटक आहे, कीटकनाशकाचा अंश तिला सोडत नाही. नव्या ठिकाणाहून कचरा आला की आम्ही शंभर अळ्या मोजून एका डब्यात घालतो, तो कचरा देतो आणि दोन दिवस थांबतो. मेल्या किंवा पळू लागल्या तर माल परत. तसंच गटाराच्या पाण्यावरची भाजी किंवा कारखान्याचा गाळ टाळा. त्यातलं कॅडमियम, म्हणजे विषारी धातू, अळीच्या अंगात साठतं, तिथून माशात येतं, आणि मासा आपण खातो.

बी कसं मिळवायचं

ही माशी मूळची अमेरिका खंडातली, पण आता आपल्याकडे रानावनात आहे. गच्चीवर कंपोस्ट करणाऱ्यांच्या बादलीत पावसाळ्यात ज्या चपट्या, राखाडी-तपकिरी, जाड कातडीच्या अळ्या दिसतात आणि लोक घाबरून फेकून देतात, त्या बहुधा याच. घरमाशीची अळी पांढरी, मऊ आणि एका टोकाला निमुळती असते. त्यात घोटाळा करू नका. मोठी माशी काळी, लांबट, गांधीलमाशीसारखी दिसते, पण चावत नाही, डंख मारत नाही. पोटाच्या सुरुवातीला दोन पारदर्शक खिडक्यांसारखे ठिपके आणि पायांची टोकं पांढरी, ही तिची खूण.

विकतचं बी, म्हणजे माशीची अंडी किंवा पिल्लं, मिळतं. पण घाई नसेल तर जून ते सप्टेंबरमध्ये स्वतःच ओढून आणा. एका बादलीत मका भिजवून चार-पाच दिवस आंबवा, वर थोडी पिकलेली पपई टाका. खोक्याच्या नळीदार पुठ्ठ्याच्या हातभर लांब पट्ट्या कापून मालाच्या वर दोन-तीन बोटं टांगा. पुठ्ठा ओला होता कामा नये. मादी कुजक्या मालात नाही, तर त्याच्याजवळच्या कोरड्या फटीत अंडी घालते. बादली सावलीत, पावसाच्या आडोशाला ठेवा. नशीब चांगलं असेल तर पंधरा दिवसांत पुठ्ठ्याच्या नळ्यांत फिकट पिवळे पुंजके दिसतील.

ते पुंजके सुरीच्या पात्याने अलगद काढा आणि सोनाराच्या काट्यासारख्या बारीक काट्यावर तोला. एका ग्रॅममध्ये तीस-पस्तीस हजारांच्या पुढे अंडी असतात. एका क्रेटला दहा हजार अळ्या पुरतात, म्हणजे अर्धा ग्रॅमही भरपूर. अंडी ओल्या मालावर थेट ठेवू नका. जाळीच्या तुकड्यावर ठेवून खाली कोंबडीचं स्टार्टर खाद्य पाण्यात भिजवून ठेवा. साधारण चार दिवसांत अंडी फुटून पिल्लं खाली पडतात. पाच दिवस तिथेच वाढू द्या, मग क्रेटमध्ये.

क्रेटचे बारा दिवस

जागा सावलीची, हवेशीर, मुंग्यांपासून दूर. मांडणीचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवा, पाण्यात साबणाचे दोन थेंब. आमच्याकडे एका रात्रीत मुंग्यांनी पाच दिवसांची सगळी पिल्लं नेली, त्यानंतर हे एक दिवसही चुकवलेलं नाही. वर शेडनेटचं झाकण लावा, पाली आणि पक्षी दोन्ही थांबतात.

पंधरा किलो कचरा तीन हप्त्यांत द्या : पहिल्या, पाचव्या आणि आठव्या दिवशी. एकदम देऊ नका. सहाव्या-सातव्या दिवशी क्रेटजवळ कान नेलात तर तव्यावर कांदा परतावा तसा चुरचुर आवाज येतो, आणि हात घातला तर आतला माल कोमट लागतो. ते चांगलं लक्षण आहे. हात भाजेल इतका गरम वाटला तर माल पसरून पातळ करा, अळ्या गर्दीने गुदमरतात. आंबूस वास चालतो. अंडं सडल्यासारखा वास आला की पाणी जास्त झालं म्हणून समजा आणि कोरडा कोंडा टाकून खालीवर करा.

काढणी, उकळणं, वाळवणं

शंभरात पाच-सात अळ्या काळपट व्हायला लागल्या की काढा. सगळ्या काळ्या व्हायची वाट बघू नका. काळ्या झालेल्या अळीचं कवच जाड असतं आणि ते माशाला पचायला जड जातं. काढणीच्या आदल्या दिवशी खाद्य बंद करा, माल कोरडा होऊ द्या, मग चाळणीने चाळा. खाली उरतो तो चोथा आणि विष्ठा. तो तीन-चार आठवडे ढिगात मुरवून मग भाजीच्या वाफ्यात टाका, ताजा नको.

काळपट झालेल्या अळ्या बियाण्यासाठी बाजूला काढा (त्यांचेच कोष होतात आणि कोषातून पिंजऱ्यात माश्या निघतात), बाकी सगळ्या खाद्याला.

अळ्या धुवा आणि उकळत्या पाण्यात मिनिट-दोन मिनिटं टाका. हे टाळून थेट उन्हात घातल्या तर त्या काळ्या पडतात, चरबी लवकर खवट होते आणि जंतूही तसेच राहतात. मग शेडनेटवर पातळ थर देऊन दोन-तीन उन्हं. चिमटीत धरून मोडली की काडीसारखी कट्कन तुटली पाहिजे. वाकली तर अजून ऊन हवं.

नुसती अळी दळायला गेलात तर चक्कीत तेल सुटून लगदा होतो. वजनाइतका कोंडा मिसळून सकाळच्या गारव्यात दळा. दळताना नाकाला फडकं बांधा, काहींना या भुकटीने शिंका आणि खाज येते. डबा घट्ट बंद ठेवा आणि महिन्याभरात संपवा. खवट वास आला की माशाला घालू नका.

खाद्याचं मिश्रण

वाळलेल्या अळीत प्रथिनं साधारण ४० टक्के आणि चरबी ३० टक्क्यांच्या आसपास असते. ही चरबी लक्षात ठेवा. पेंड घाण्याची, कोंडा ताजा भाताचा आणि वर चरबीसकट अळी, असं केलं तर रोहू-कटलाला चरबी फार होते. म्हणून अळीबरोबर तेल काढलेला भाताचा कोंडा घ्या, दुकानात डीओआरबी म्हणून मिळतो. १० किलोसाठी आमचं माप :

अळीची भुकटी दीड किलो (दळताना मिसळलेला कोंडा खालच्या कोंड्यातूनच घ्या)
शेंगदाणा पेंड साडेतीन किलो
डीओआरबी ३ किलो ८०० ग्रॅम
गव्हाचं पीठ १ किलो
खनिज मिश्रण २०० ग्रॅम

कागदावर यात प्रथिनं साडेसत्तावीस टक्के बसतात. पण एक बारकावा आहे. प्रयोगशाळा नायट्रोजन मोजून त्याला ६.२५ ने गुणते, आणि अळीच्या कवचातल्या कायटिनमध्येही नायट्रोजन असतो. या अळीला ४.७६ ने गुणणं जास्त बरोबर. म्हणजे ४० टक्क्यांची अळी खरी ३० टक्क्यांच्या जराशी वर, आणि आपलं मिश्रण २६ टक्क्यांवर. वाढत्या रोहू-कटलाला तेवढं पुरतं. बोटुकलीला, म्हणजे बोटाएवढ्या पिल्लाला, मात्र जास्त लागतं, तिला हे मिश्रण देऊ नका.

अळीत मेथिओनिन हे अमिनो आम्ल कमी असतं आणि समुद्री माशातलं ओमेगा-३ जवळपास नसतं. फिशमील पूर्ण काढून सगळी अळी घालायचा मोह म्हणून टाळा. १५ टक्क्यांवर थांबणं बरं. पेंड घेताना बुरशी बघा. काळपट, कुबट पेंड कितीही स्वस्त मिळाली तरी नको, त्या बुरशीचं विष, अफ्लाटॉक्सिन, माशाचं यकृत खराब करतं.

गव्हाच्या पिठाची खळ शिजवून त्यात बाकी सगळं मळा, शेवयाच्या यंत्रातून काढा, सावलीत-उन्हात वाळवा आणि मोडून तुकडे करा. आमच्या आईचं जुनं शेवयाचं यंत्र पहिले दोन हंगाम याच कामाला होतं.

तळ्यात देताना

पहिले चार दिवस ५ टक्के अळी, पुढचे चार दिवस १०, मग १५. मासा नव्या चवीला बिचकतो. रोज ठरलेल्या वेळी, ठरलेल्या कोपऱ्यात द्या. छिद्रं पाडलेली गोणी बांबूला टांगली तर खाद्य तळाशी जाऊन वाया जात नाही, आणि दोन तासांनी गोणी वर काढून किती उरलं ते बघता येतं. उरलं असेल तर दुसऱ्या दिवशी तेवढं कमी करा. ढगाळ दिवशी, किंवा सकाळी मासे वर तोंड काढून हवा घेत असतील तर खाद्य बंद. पंगस आणि मरळ ताजी अळीही आवडीने खातात. रोहू-कटलाला अख्खी अळी देऊ नका.

हिवाळा

या माशीला २७ ते ३० अंश मानवतं, आणि जोडी जमायला स्वच्छ ऊन लागतं. साधा बल्ब लावून भागत नाही. निफाडचा पारा दर हिवाळ्यात एक आकडी होतो. पहिल्या डिसेंबरात माझ्या पिंजऱ्यातल्या सगळ्या माश्या अंडी न घालता मेल्या आणि जानेवारीत हातात एकही अळी नव्हती. पण त्याच दिवसांत मासाही गार पाण्यात कमी खातो. म्हणून आता आम्ही हीटरवर खर्च करत नाही. नोव्हेंबरअखेर क्रेट निम्मे करतो, आणि काही कोष कोरड्या भुश्शात घालून घरात अंधाऱ्या जागी ठेवतो. थंडीत ते सावकाश उमलतात, म्हणजे ऊन तापायला लागेपर्यंत बी टिकतं.

पिंजऱ्याला जुनी मच्छरदाणी पुरते. सकाळचं ऊन येईल अशा जागी लावा, दिवसातून दोनदा पाण्याचा फवारा मारा, तळाशी आंबलेल्या मालाची झाकलेली बादली ठेवा आणि तिच्यावर फट असलेल्या लाकडी पट्ट्या. मोठी माशी आठवडा-दोन आठवडेच जगते आणि तिला खाद्य घालावं लागत नाही, म्हणून ती घरात अन्नावर येऊन बसत नाही. शेजाऱ्यांना हे आधीच समजावून सांगा, नाहीतर तक्रार येते.

पंधरा दिवसांनी जाळं टाका

फेकजाळ्याने वीस मासे काढा, तोला, सरासरी लिहा आणि सोडा. पंधरा दिवसांत गेलेल्या खाद्याला वाढलेल्या एकूण वजनाने भागा, तो आकडा म्हणजे तुमचा एफसीआर : किलोभर वाढीला किती किलो खाद्य लागलं ते. अळी सुरू करायच्या आधीचे दोन आकडे वहीत असलेच पाहिजेत, नाहीतर तुलना कशाशी करणार? आकडा वाढला, म्हणजे त्याच वाढीला जास्त खाद्य लागलं, तर आधी अळी दोन दिवस जास्त वाळवून बघा, मग भुकटीचा वास घ्या, मग गोणीत उरलेलं खाद्य मोजा. आमच्याकडे तीनदा आकडा बिघडला. त्यातल्या दोनदा भुकटी खवट झाली होती, आणि एकदा गोणीची छिद्रं बुजली होती.